जनऔषधीच्या गोळ्या, वर्ष होत आलं: गुण चांगला, मिळायचा भरवसा कमी

ज्यांच्या घरी बीपी-शुगरचे पेशंट आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही ब्रँडची औषधं सोडून जनऔषधीची, म्हणजे सरकारी योजनेच्या दुकानांतली स्वस्त जेनेरिक (ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या नावाने विकली जाणारी) औषधं घ्यायचं ठरवलं तेव्हा जो भेटेल तो एकतर "डोळे झाकून घ्या" म्हणायचा नाहीतर "त्यात पॉवर नसते" म्हणायचा, पण महिनोन् महिने वापरून नीट सांगणारं कोणी सापडत नव्हतं. आमच्याकडे अण्णांना बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तिन्ही, आईला बीपी आणि थायरॉइड. थायरॉइड सोडून बाकी सगळ्या गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून आणतो. आम्ही सांगलीत राहतो, केंद्र घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

आधी पैशाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. दोघांचं मिळून महिन्याचं बिल १,८०० च्या आसपास जायचं, आता ५०० च्या आतबाहेर येतं. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपीन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मेटफॉर्मिन एसआर, ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, आईचं कॅल्शियम, एवढं सगळं धरून. अण्णा पेन्शनीत नाहीत, त्यांचं दुकान होतं ते बंद केलंय, त्यामुळे महिन्याला तेराशे वाचणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे. आणि औषधाचा खर्च एकदाचा नसतो हो, ऑपरेशनला नातेवाईक पैसे उभे करतात, सरकारी आरोग्य योजनेत बसतं, पण रोजच्या गोळ्यांना कोण देणार, ते मरेपर्यंत खिशातूनच जातं.

एवढा फरक कसा पडतो हे मला समजून घ्यायचं होतं. शुगरच्या सिटाग्लिप्टिन गोळीचं उदाहरण घ्या, तिचं पेटंट २०२२ च्या जुलैमध्ये संपलं आणि सप्टेंबरमध्ये जनऔषधीत ५० एमजीच्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा ब्रँडवाल्या गोळ्या १६० ते २५८ रुपयांपर्यंत होत्या. पेटंट संपलं की तेच मॉलिक्यूल (म्हणजे गोळीतलं मूळ औषध) कोणतीही कंपनी बनवू शकते, पण आपल्याकडे प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळं नाव देते आणि मग डॉक्टरांच्या दारात एमआर (कंपनीचे प्रतिनिधी) उभे करायचा खर्चसुद्धा पाकिटावर चढतो. सरकार किमतीवर मर्यादा घालत नाही का, तर घालतं, एनपीपीए म्हणून संस्था आहे, आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून देते. पण २०१३ च्या आदेशानुसार ती किंमत काढतात बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या दराची सरासरी घेऊन, औषध बनवायला किती खर्च येतो ते बघून नाही. म्हणजे महागडे ब्रँडही त्या सरासरीत येतात. आणि जी औषधं यादीतच नाहीत त्यांची किंमत दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवायला मोकळीक. मला हे कळलं तेव्हा फार राग आला, अजूनही येतो.

आता गुण येतो का. आम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदललं नाही. मिरजेचे आमचे डॉक्टर म्हणाले, "चालेल की, घ्या, पण तीन महिन्यांनी रिपोर्ट दाखवायचा आणि घरी बीपी लिहून ठेवायचं." मग वही केली, सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसवून बीपी घ्यायचं आणि आठवड्यातून एकदा उपाशीपोटी शुगर. अण्णांचं तीन महिन्यांच्या शुगरच्या सरासरीचं एचबीए१सी आधी ७.४ होतं, बदलल्यावर ७.३ आलं, त्यानंतरच्या वेळी परत ७.४. बीपीत दोघांच्याही काही फरक नाही. पहिल्या महिन्यात अण्णा रोज म्हणायचे की डोकं जड वाटतंय, गोळी हलकी आहे, मी वहीतले आकडे दाखवायचे, हळूहळू म्हणायचे बंद झाले. आमच्यापुरतं मी खात्रीने सांगते, गुणात काही कमी नाही. तुम्ही बदललात तर वही ठेवाच, म्हणजे वाद घालायला आकडे हातात असतात, "मला वाटतं"वर भांडण होत नाही.

क्वालिटीबद्दल शंका घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की जनऔषधीचा माल केंद्रांकडे जायच्या आधी बॅचवार लॅबमध्ये तपासला जातो. आणि सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांच्या बॅचची यादी लावते, त्यात स्वस्त-महाग सगळ्या तऱ्हेची नावं येतात, महाग आहे म्हणून सुटका नाही. पाकिटावरचा बॅच नंबर कापून टाकू नका, मी प्रत्येक पाकिटाचा फोटो काढून ठेवते.

टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीची एक गोष्ट महत्त्वाची, ती जनऔषधीची असो की ब्रँडची. ती गोळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची. आपल्याकडे आठवड्याच्या डबीत सोम-मंगळ करून सगळ्या गोळ्या आधीच काढून ठेवतात, पावसाळ्यात तर त्या मऊ पडतात आणि मग म्हणतात औषध बोगस. आम्ही डबीत पाकिटाचा कापलेला तुकडाच ठेवतो. मेटफॉर्मिन एसआर आहे की साधी तेही बघून घ्यायचं, एसआर गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते, ती तोडून किंवा कुटून द्यायची नाही.

आता खरी अडचण. माल. योजना सुरू झाली २००८ मध्ये, २०१५ नंतर तिला जोर आला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये देवघरच्या एम्समध्ये १०,००० वं केंद्र उघडलं, २०२५ च्या मार्चपर्यंत देशात १५,००० केंद्रं झाली. बोर्ड सगळीकडे दिसतात, आनंद आहे. पण मला हवी ती गोळी हव्या त्या दिवशी काउंटरवर असेल का, हे मी आजही सांगू शकत नाही. कधी अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० एमजी नाही, २० आहे. कधी ग्लिमेपिराइड १ नाही. सिटाग्लिप्टिन तर एकदा सगळ्या सांगलीत शोधली, नव्हतीच, शेवटी पै-पाहुण्यांकडून कोल्हापूरहून मागवली. "माल लावलाय, पुढच्या आठवड्यात येईल" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय. बरं, केंद्रवाल्या दादांवर मी चिडत नाही, ते माणूस म्हणून चांगले आहेत, आलं की फोन करतात. त्यांना विक्रीवर २० टक्के मिळतात, आता १२ रुपयांच्या पाकिटावर २० टक्के म्हणजे दोन-अडीच रुपये, त्यात भाडं, फार्मासिस्टचा पगार आणि लाइटबिल, मग कोण माणूस कपाट भरून ठेवेल, जे पटपट खपतं तेच तो ठेवणार. सरकारकडून महिन्याच्या खरेदीवर वरचा प्रोत्साहन भत्ता आहे, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत, पण त्यासाठीही आधी पैसे गुंतवून माल उचलावा लागतो आणि वरून मालच वेळेवर येत नसेल तर तो काय करणार.

बीपी-शुगरमध्ये गोळीचा खंड पडणं हेच सगळ्यात वाईट असतं. ज्याला परवडतं तो त्या दिवशी शेजारच्या मेडिकलमधून ब्रँड घेतो, ज्याला नाही परवडत तो "आठ दिवस नाही घेतली तर काय होतंय" म्हणून बसतो. मी केंद्रात रांगेत उभी असताना हे डोळ्यांनी बघितलंय, खेड्यातून एसटीने आलेली म्हातारी माणसं, कागद पुढे करतात, "नाही आजी, संपलंय" ऐकतात आणि कागद घडी घालून परत पिशवीत ठेवतात. त्यांच्यासाठी स्वस्त किमतीचा काय उपयोग.

आम्ही काय करतो ते सांगते. गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की लगेच पुढचं आणायचं, संपायची वाट बघायची नाही. जायच्या आधी फोन. जनऔषधी सुगम नावाचं अ‍ॅप आहे, त्यात जवळची केंद्रं आणि किमती कळतात, पण मी बघितलं तेव्हा कुठल्या केंद्रात काय शिल्लक आहे ते मला त्यात काही सापडलं नाही, हे जर दिसलं तर लोकांचे निम्मे हेलपाटे वाचतील. आणि जनऔषधीत मिळालं नाही तर डॉक्टरांना विचारून त्याच मॉलिक्यूलचा स्वस्त ब्रँड घ्यायचा, पण खंड पाडायचा नाही.

एक सावध करते, "जेनेरिक मेडिकल, ८०% सूट" असे जे बोर्ड असतात ती सगळी जनऔषधी केंद्रं नसतात. तिथे पाकिटावर एमआरपी १४० छापलेली असते आणि तुम्हाला ५० ला देतात, आपल्याला वाटतं केवढं वाचलं. ते औषध वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण सूट बघू नका, शेवटी हातातून किती गेले ते जनऔषधीच्या छापील किमतीशी लावून बघा.

दुसरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि त्यातही तीन औषधं एकत्र असलेली गोळी लिहितात, केंद्रात ती तशीच्या तशी मिळेलच असं नाही, मग वेगवेगळ्या घ्याव्या लागतात आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांसाठी नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने नियम काढला होता की डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच लिहायचं, डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि तीन आठवड्यांत त्याला स्थगिती आली. डॉक्टरांचं म्हणणं असं की क्वालिटीची हमी आधी द्या, ते काही चुकीचं नाही. पण निदान कंसात मॉलिक्यूलचं नाव लिहायला काय हरकत आहे? आईला दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तिथल्या डॉक्टरांना मी हेच विनंती करून विचारलं तर ते म्हणाले, "मग ट्रीटमेंटपण तुम्हीच करा." मिरजेचे डॉक्टर मात्र आता स्वतःहून मोठ्या अक्षरात मॉलिक्यूल लिहून देतात, त्यांचे फार उपकार आहेत. तुमचे डॉक्टर नसतील देत तर पाकीट बघा, २०१८ पासून नियमच आहे की जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं.

थायरॉइडची गोळी का नाही बदलली? थायरॉक्सिनमध्ये डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो, म्हणून एकच कंपनी धरून राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. फिटची आणि रक्त पातळ करायची काही औषधंही तशीच. ज्या केंद्रात आज आहे उद्या नाही तिथून अशी गोळी घेणं मला पटत नाही.

आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं की, असं कोणीतरी म्हणेलच. खरंय, राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सगळं मोफत आहे, बीपी-शुगरच्या गोळ्याही देतात. आमच्या गल्लीतल्या एक मावशी तिथूनच घेतात आणि त्यांचं बीपी व्यवस्थित आहे. पण त्यांनाही मधूनमधून एखाद्या गोळीला "बाहेरून घ्या" म्हणून चिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं. मावशी ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येतात, मी मॉलिक्यूल लिहून देते, त्या जनऔषधीत जातात. असेल तर बरं.

रेटिंग द्यायचं तर औषधाला पाचपैकी पाच, किमतीला पाच, मिळण्याला दोन. सोडणार नाही, चालूच ठेवणार. सांगली-मिरजेत सिटाग्लिप्टिन आणि ग्लिमेपिराइड १ नियमित ठेवणारं केंद्र कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, मावशींनाही सांगायचंय.