डीसेग फॉन्ट: दवाखान्याच्या टोकन बोर्डावर काही महिने वापरल्यानंतर

डिजिटल घड्याळासारखे दिसणारे फॉन्ट ढिगाने मिळतात, पण बहुतेकांत नुसती कोनदार अक्षरं असतात. केशिकान या जपानी निर्मात्याचा डीसेग मात्र खरा डिस्प्ले कसा चालतो ते ओळखून केलाय. पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या दवाखान्यात टोकन नंबर दाखवायला तो रोज चालू असतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तिथे लाल एलईडीचा बोर्ड होता, प्रत्येक आकडा सात उजळणाऱ्या काड्यांचा. मधली आडवी काडी गेली की आठाचं शून्य व्हायचं, मग अठरा नंबरवाले आणि दहा नंबरवाले एकदमच उठायचे. तापकीर गल्लीत सुटे डिस्प्ले मिळतात, पण सोल्डरिंग करून द्यायला दरवेळी माणूस कुठून आणायचा? शेवटी भिंतीवर जुना टीव्ही लावला आणि ब्राउझरमध्ये एक साधं पान.

डीसेगची खरी गंमत रुंदीत आहे. सगळे आकडे एकाच मापाचे, त्यामुळे एकोणीसचे वीस होताना काही हलत नाही. एकचा आकडा खऱ्या डिस्प्लेसारखाच उजव्या कडेला उभा राहतो. कोलन आणि स्पेसची रुंदी सारखी ठेवली आहे. घड्याळाचा कोलन लुकलुकवायचा तर त्याच्या जागी स्पेस टाकायची, बाजूचे आकडे तसूभरही सरकत नाहीत. उद्गारचिन्ह टाइप केलं की एक पूर्ण विझलेला आकडा येतो. एकअंकी टोकनच्या आधी तो टाकला की झालं. हे ज्याला सुचलं त्याने डिस्प्ले फार जवळून पाहिलेत.

मागच्या थरात अंधुक रंगात दोन आठ ठेवले की विझलेल्या काड्याही दिसतात आणि बोर्ड अगदी खरा वाटतो. पण तो रंग फारच मंद ठेवा. जरा उजळ झाला की मागच्या बाकावरून शून्य आणि आठ यांत फरक कळत नाही, आणि आमच्याकडे येणारे निम्मे लोक चष्मेवाले.

शब्दांसाठी मी तो सुचवणार नाही. सात काड्यांत के, एम, डब्ल्यू, एक्स नीट बसतच नाहीत. चौदा काड्यांच्या प्रकारात सगळी इंग्रजी अक्षरं होतात, पण आजारी माणसाला ती वाचायला लावू नयेत. 'पुढील क्रमांक' वगैरे मजकूर मी मुक्त या देवनागरी फॉन्टमध्ये ठेवलाय.

एक मात्र मनापासून खटकतं: देवनागरी आकडे नाहीत. ५ ची शेपटी, ६ चं वळण सात काड्यांत बसणं अवघड, हे मान्य. पण जास्त काड्या घेऊन कुणी मराठी डिझायनरने हे करावं असं फार वाटतं. आमच्या कित्येक आज्यांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी मावशींना अजूनही नंबर पुकारावा लागतो.

फॉन्ट फुकट आहे, एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली, त्यामुळे धंद्यासाठीही चालतो. क्लासिक, मॉडर्न, मिनी असे प्रकार आहेत. लांबून वाचायचं असेल तर सरळ बोल्ड घ्या. तिरका टेबलावरच्या घड्याळाला शोभतो.