वादळानंतरची ताडपत्री: 18 बाय 24, 200 जीएसएम

आधी निकाल. कौलारू किंवा पत्र्याच्या घरावर एक पावसाळा काढायचा असेल तर 18 बाय 24 फुटी, 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणारी) बहुपदरी ताडपत्री घ्यावी. तिला पाचापैकी चार गुण. मदतीच्या ट्रकमधून सगळ्यात जास्त येणाऱ्या 90 जीएसएमच्या निळ्या विणलेल्या ताडपत्रीला एक, आणि तोही लाकडं झाकायला बरी पडते म्हणून.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात एका दुपारीत कौलं उडाली, पत्रे दुमडले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वर कोरोनाचा काळ, आणि मृग दारात. नवी कौलं मिळेनात, ती चढवणारी माणसंही मिळेनात. तो पावसाळा कितीतरी घरांनी प्लास्टिकखालीच काढला. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनारा घासून गेलं. म्हणून कोकणात ही वस्तू आता वाणसामानाइतकी ओळखीची आहे, तरी खरेदीत फसगत होतेच.

फसगत होते ती जीएसएममध्ये. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ते गठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो, काटा खोटं बोलत नाही. 18 बाय 24 म्हणजे 432 चौरस फूट. त्याला 10.76 ने भागलं की साधारण 40 चौरस मीटर. म्हणजे 200 जीएसएमची ताडपत्री आठ किलोच्या आसपास भरायला हवी, 120 ची पावणेपाच, 90 ची साडेतीनच्या जरा वर. ‘200’ म्हणून दिलेला नग सहा किलोच भरला तर तो 150 चा आहे, परत पाठवा. मापही टेपने बघा. कडा दुमडून जोडताना चार-सहा इंच जातात, तेवढं चालतं. फूटभर कमी असेल तर नाही.

दुकानात दोन जाती मिळतात. पहिली विणलेली: एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं कापड आणि त्याला दोन्ही बाजूंनी लेप. तिचं भारतीय मानक आयएस 7903. दुसरी बहुपदरी, जिला सगळे सरसकट ‘सिलपोलिन’ म्हणतात. ते खरं तर सुप्रीम कंपनीच्या मालाचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यांना चिकटलं. तिचं मानक आयएस 14611. विणलेलीचं दुखणं घडीत असतं. घडीच्या रेघेवर लेप तडकतो आणि तिथून पाणी पाझरतं. ताडपत्री उलगडून आकाशाकडे धरा. घडीवर चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर ती छपरासाठी नाही. बहुपदरीला हा त्रास कमी, मात्र ती गुळगुळीत असते, ओली झाली की तिच्यावर पाय ठरत नाही.

आता बांधणी, कारण चांगली ताडपत्री वाया जाते ती इथे. ताडपत्री फाटते ती फडफडून, पावसाने नव्हे. नुसत्या कडीत सुतळी ओवून चार कोपरे बांधले तर पहिल्याच वाऱ्यात कड्या उपटून निघतात. कड बांबूच्या काठीला किंवा रिपेला दोन वेढे गुंडाळावी आणि ती रीप वाश्याला दोन इंची खिळ्यांनी ठोकावी. म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या कडेवर वाटली जाते. मध्येच कुठे बांधायचं तर भोक पाडू नका. आतून लिंबाएवढा गुळगुळीत गोटा धरा आणि बाहेरून त्याच्या गळ्याशी दोरी आवळा. दोरी सहा मिलीमीटरची नायलॉनची. ती भिजली की सैल पडते, म्हणून पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा ताणून घ्यावी.

माप ठरवायची रीत अशी. आढ्यापासून वळचणीपर्यंत उतार 14 फूट असेल तर 3 फूट आढ्याच्या पलीकडे आणि 1 फूट वळचणीखाली वळवायला, असे 18 फूट होतात. आढ्यावरच थांबलेली ताडपत्री म्हणजे पावसाला उघडं दार. दोन तुकडे जोडायचेच असतील तर किमान दोन फूट एकावर एक घ्या, आणि पश्चिमेकडचा तुकडा वर ठेवा. पावसाळी वारा तिकडून येतो, जोडाचं तोंड त्याच्याकडे पाठ करून असावं. याच कारणाने दोन 12 बाय 18 मिळून एक मोठी होत नाही. वाटप करणाऱ्या मंडळांना हे पटायला वेळ लागतो, कारण नगांचा आकडा मोठा दिसतो तो लहान ताडपत्र्यांत.

फुटक्या कौलांच्या धारा आणि पत्र्याचे कोपरे यांवर आधी गोणपाट किंवा जुन्या ट्यूबचे तुकडे टाका. मोडलेल्या रिपेच्या जागी दुसरी घालूनच ताडपत्री ओढा, नाहीतर तिथे पोट सुटतं. मीटरभर लांब-रुंद, दहा सेंटिमीटर खोल डबकं म्हणजे शंभर किलो पाणी, तेही आधीच खिळखिळ्या झालेल्या वाश्यांवर. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. खालच्या आडव्या लाकडांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून फिरायचं. आणि झाकण्याआधी चारही बाजूंचे फोटो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत भोकं निळ्या प्लास्टिकखाली गेलेली असतात.

वाटपाच्या संचात ताडपत्रीच तेवढी असते, हा जुना दोष. पडझड झालेल्या गावात दुकानही बंद असतं. एका घरामागे एक मोठी ताडपत्री, तीस मीटर दोरी, अर्धा किलो खिळे आणि दहा रिपा द्या. त्याच पैशात घरं कमी झाकली जातील, पण झाकलेली राहतील. म्हातारी माणसंच असलेल्या घरी नुसता गठ्ठा टाकून जाऊ नये. चढणारे दोघे आणि खाली दोघे अशी चौघांची टोळी संचाबरोबरच ठरवावी.

बहुपदरीचा एक गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. फाटल्यावर दुरुस्ती अवघड. ताडपत्रीच्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिएथिलीनवर, फेविक्विक धरत नाही, पंक्चरचं सोल्युशनही नाही. शिवलं तर सुईच्या भोकांतून गळतं. गरम हवेने जोडणं हाच खरा उपाय, आणि ते यंत्र गावात नसतं. डांबरी चिकटपट्टी कोरड्या, पुसलेल्या जागी दोन्ही बाजूंनी लावली तर हंगाम निघतो. दुसरं, कौलांमधून घराला मिळणारा वारा ती बंद करते. चुलीचा धूर कोंडतो, आतून घाम सुटतो. दिवाळीनंतरही वर राहू दिली तर रिपा कुजायला लागतात, म्हणून पाऊस संपला की काढायचीच.

उन्हाने ती कडक होते, त्यामुळे पडलेल्या माडांच्या झावळ्यांचे झाप विणून वर टाकले तर आयुष्य वाढतं आणि फडफडही कमी होते. काढल्यावर पूर्ण वाळवून, घडी न घालता बांबूवर गुंडाळून आढ्याला टांगा. माळ्यावर घडी करून ठेवलेली ताडपत्री उंदीर कुरतडतात आणि उलगडल्यावर तेच भोक प्रत्येक घडीत सापडतं.