अभिरूप विधिमंडळ कार्यशाळा, सोलापूर : खंडशः चर्चा उत्तम, समितीचा टप्पा मात्र गायब

सात रस्ता परिसरातील एका सभागृहात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या अभिरूप विधिमंडळ कार्यशाळेला मी आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. चर्चेसाठीचे काल्पनिक विधेयक पर्यावरण शिक्षण आणि माळरान संवर्धनाचे होते. अशा उपक्रमांत एरवी जोरदार भाषणे होतात, आवाजी मतदान उरकले जाते आणि सारे छायाचित्रासाठी उभे राहतात. येथे आयोजकांनी दुसऱ्या वाचनाला, म्हणजे विधेयकाच्या एकेका खंडावरील (कलमावरील) चर्चेला, जवळजवळ अख्खा दिवस दिला, आणि शुल्क तेवढ्यानेच वसूल झाले.

खंड 2 पासून एकेक खंड मतास टाकला गेला. खंड 1 आणि दीर्घ शीर्षक प्रथेप्रमाणे अखेरीस आले. प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा जवळच्या संरक्षित क्षेत्रात, म्हणजे आपल्याकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, न्यावे असा एक खंड होता. त्यासाठीचे एसटीचे भाडे शासनाने द्यावे, अशी सुधारणा एका विद्यार्थ्याने सुचवताच बाके वाजली. पीठासीन अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, की हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून होणार असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 207(3) नुसार राज्यपालांची शिफारस कोठे आहे आणि वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज देणारे टिपण, कोणी जोडले आहे? सभागृह गप्प झाले. पुस्तकातून महिनाभर शिकवूनही जे डोक्यात शिरत नाही, ते त्या एका प्रश्नाने शिरले.

समितीचा टप्पा, म्हणजे विधेयक काही सदस्यांच्या समितीकडे तपासणीला पाठवणे, मात्र वेळेअभावी वगळला, आणि हा दोष किरकोळ नाही. पर्यावरणविषयक विधेयकांची खरी छाननी पुष्कळदा तेथेच होते. 2021 चे वन्यजीव संरक्षण सुधारणा विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, तेव्हा समितीने अनुसूचींतील प्रजातींच्या याद्यांमधील सुटलेल्या आणि चुकीच्या नोंदी दाखवून दिल्या. उलट, 2023 चे वन संवर्धन सुधारणा विधेयक संयुक्त समितीकडून कोणताही बदल न सुचवता परत आले आणि त्याच पावसाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत संमत झाले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असती, तर समिती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नुसती औपचारिकता ठरते, हे विद्यार्थ्यांनीच ताडले असते.

दुसरी तक्रार छापील पुस्तिकेची. अभयारण्याच्या सीमा बदलण्यासाठी राज्य विधिमंडळाचा ठराव लागतो, असे तीत छापले आहे. 1991 मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमात कलम 26क आले तेव्हा ते खरे होते. पण 2002 च्या सुधारणा अधिनियमाने ठरावाची अट काढून तेथे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आणली. ज्या जिल्ह्यात माळढोक अभयारण्याच्या सीमांवरून वर्षानुवर्षे वाद झाले, तेथील विद्यार्थ्यांच्या हाती जुनीच तरतूद पडावी, हे खटकते. आमदारांच्या हातून नेमका कोणता अधिकार गेला, हाच तर चर्चेचा उत्तम विषय होता.

ध्वनिक्षेपक अधूनमधून बंद पडत होता. जेवणातील कडक भाकरी आणि शेंगाचटणीबद्दल मात्र कोणाचीच हरकत नव्हती. राज्यशास्त्र आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना मी ही कार्यशाळा सुचवीन. पुढच्या तुकडीचे पैसे भरण्यापूर्वी शिक्षकांनी पुस्तिका सुधारली आहे का आणि समितीसाठी किमान अर्धा दिवस राखला आहे का, एवढे आयोजकांना विचारून घ्यावे.