नाक उघडणारी गोळी : जुलै ते फेब्रुवारी, आठ महिन्यांचा अनुभव

मी राहते फोंड्याला, नोकरी पणजीत. घर जुनं, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. पावसाने जोर धरला की आमच्या भिंती ओल धरतात, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास येतो आणि माझं नाक बंद होतं. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, मग डोळ्यांना खाज, मग नाकातून नुसतं पाणी. रात्री एक नाकपुडी ठार बंद. तोंडाने श्वास घेऊन घेऊन घशाला कोरड. दहा वर्षं मी याला सर्दी म्हणत आले. गेल्या जुलैत शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ही ॲलर्जी आहे असं सांगून एक गोळी लिहून दिली. त्या गोळीबद्दल, आणि फार्मसीत जाऊन "सर्दीवर काहीतरी द्या" म्हणत आपण ज्यांच्या स्ट्रिपा घरी आणतो त्या तिच्या भावंडांबद्दलही, हे लिहितेय.

माझ्या गोळीत दोन औषधं होती: सेटिरिझिन ५ मिलीग्राम आणि स्युडोएफेड्रिन १२० मिलीग्राम. एक सकाळी, एक रात्री, पाच दिवस, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. पहिल्या दिवशी दोन तासांत नाक मोकळं झालं. उशीला डोकं टेकून दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेता येणं म्हणजे काय, हे मी विसरूनच गेले होते. गोळीचा गुण येतो यात मला शंका नाही, आणि म्हणूनच ती सहाव्या दिवशीही घ्यावीशी वाटते.

दोन औषधांची कामं वेगळी आहेत, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. सेटिरिझिन हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाला, अडवतं. शिंका, खाज, पाणी वाहणं हे त्याचं खातं. नाक चोंदण्यावर त्याचा उपयोग कमीच. ते काम स्युडोएफेड्रिनचं. नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगून वाट बंद झालेली असते, त्या ते आकसवतं. पण गोळी पोटात जाते आणि औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, त्यामुळे आकसणं फक्त नाकापुरतं राहत नाही. रक्तदाब वाढू शकतो, छाती धडधडते, झोप उडते. माझी झोप दुसऱ्याच रात्री उडाली. अंग थकलेलं, डोळे जड, आणि डोकं मात्र टक्क जागं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी रात्रीची गोळी संध्याकाळी सहाच्या सुमारास घ्यायला सांगितलं आणि दिवस पाचचे तीन केले.

त्याच फोनवर मी आणखी एक विचारून घेतलं: अर्धी करून घेऊ का? नाही. बारा तास हळूहळू सुटत राहील अशी ती गोळी बनवलेली असते. तोडली, कुटली किंवा चावली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. आमच्याकडे "अर्धी घे, मग बघू" ही सवय फार, म्हणून मुद्दाम सांगते.

झोपेचा दुसरा प्रकारही अनुभवला. ऑगस्टमध्ये नाक चोंदत नव्हतं, नुसत्या शिंका होत्या, तेव्हा डॉक्टरांनी साधी सेटिरिझिन १० मिलीग्रामची गोळी रात्री घ्यायला सांगितली. एकदा रात्री विसरले म्हणून सकाळी घेतली आणि स्कूटर काढली. भोम ओलांडून बाणस्तारीच्या पुलाजवळ पोचेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या. समोरून ट्रक येताना दिसतोय आणि हात मात्र उशिरा हलतोय. स्कूटर कडेला लावली, पंधरा मिनिटं तशीच उभी राहिले, आणि पुढे कदंबाची बस पकडून पणजीला गेले. सेटिरिझिन कमी झोप आणणाऱ्यांत मोडतं, तरी काहींना ते झोप आणतं, आणि मी त्या काहींतली आहे. फार्मसीतल्या स्वस्त सर्दीच्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने तर गुंगी जास्तच येते. दारूबरोबर ही गुंगी दुणावते. मार्चमध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा, मोसम सुरू झाला की हे घरातल्या पुरुषमंडळींच्या कानावर घालाच.

आता चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, सांगते. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर असते. ती खाली काढून पुसली तेव्हा धुळीने माझे हाल झाले. डॉक्टरांच्या गोळ्या तीन दिवसांसाठी होत्या, त्या मी सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी अंगही दुखायला लागलं, म्हणून जावेने तिच्या पर्समधली "सर्दी-अंगदुखीची" गोळी दिली. ती दुपारी घेतली, संध्याकाळी पुन्हा माझी. रात्री आरतीला उभी असताना छातीत असं धडधडायला लागलं की टाळ हातातून खाली ठेवावे लागले. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बीपीचं मशीन होतं. १५८/९६. माझं एरवी १२०/८० च्या आसपास असतं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून जावेच्या गोळीची स्ट्रिप वाचली. नाव मोठ्या अक्षरांत, आणि घटक मागच्या बाजूला चकाकत्या फॉइलवर इतके बारीक की उजेडात तिरकी धरून वाचावी लागली: क्लोरफेनिरामिन २ मिलीग्राम, फेनिलेफ्रिन १० मिलीग्राम, पॅरासिटामॉल ५०० मिलीग्राम. म्हणजे एका दिवसात माझ्या पोटात दोन जातींची ॲलर्जीची औषधं आणि दोन जातींची नाक उघडणारी औषधं गेली होती, आणि मी समजत होते की एक ॲलर्जीची आणि एक अंगदुखीची घेतली. वर ताप वाटला असता तर मी आणखी एक पॅरासिटामॉल सहज घेतली असती. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्राम. सर्दीच्या गोळ्या दिवसातून चार वेळा आणि तापाच्या वेगळ्या, असं केलं तर ती गाठायला वेळ लागत नाही, आणि भोगावं लागतं यकृताला.

हे सगळं मी माझ्यापुरतं शिकले. बाबांना सांगायचं राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेट वाढलेलं, त्यावर रात्री टॅमसुलोसिन चालू. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा जाळला, गवताचा आणि फटाक्यांचा धूर घरभर. बाबांचं नाक वाहायला लागलं. त्यांनी कुणाला न विचारता फ्रिजवरच्या डब्यातून तीच जावेची गोळी घेतली. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. फराळाच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. रात्री अकराला ते तिसऱ्यांदा बाथरूमला जाऊन आले आणि पलंगाच्या काठावर बसून राहिले. कपाळावर घाम. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही गो, झोप तू." साडेबाराला त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. लघवी होतच नव्हती. ओटीपोट हाताला दगडासारखं लागत होतं. चार पावलं टाकायची तर भिंत धरत होते. गाडीत प्रत्येक गतिरोधकाला त्यांच्या तोंडून जो आवाज यायचा तो मी विसरू शकत नाही. इस्पितळात नळी घातली, पिशवी भरभर भरली, आणि तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

ड्युटीवरच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "सर्दीची गोळी घेतली का?" मग त्यांनी समजावलं. बाबांची टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते. फेनिलेफ्रिन, स्युडोएफेड्रिन तेच स्नायू आवळतात. वर क्लोरफेनिरामिन मूत्राशयाची आकुंचनाची ताकद कमी करतं. म्हणजे दार घट्ट आणि ढकलणारा दमलेला. तीन दिवसांनी नळी निघाली, आता बाबा ठीक आहेत. पण जी गोळी माझ्या जावेला अंगदुखीवर चालते तिनेच त्यांना मध्यरात्री इस्पितळात नेलं.

नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मी नीट विचारून घेतलं, घरात ही नाक उघडणारी औषधं कुणाला द्यायची नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसलेला, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, काचबिंदूतला अरुंद कोनाचा प्रकार, थायरॉईड जास्त काम करणारं, मूत्रपिंडाचा गंभीर आजार, आणि प्रोस्टेट. नैराश्यावरच्या एमएओआय जातीच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून १४ दिवस झाले नसतील, तरीही नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर विचारल्याशिवाय काहीच नाही. लहान मुलांचं वेगळंच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय आणि तसा इशारा लेबलवर छापायला लावलाय. माझ्या बहिणीच्या घरी जुनी बाटली होती, ती आम्ही टाकून दिली.

आणि ज्या फेनिलेफ्रिनमुळे एवढं झालं, ते तोंडाने घेतल्यावर नाक उघडतं तरी का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतल्या सोळाच्या सोळा जणांनी सप्टेंबर २०२३ मध्ये नाही असं मत दिलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने विनाचिठ्ठी मिळणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांतून ते काढण्याचा प्रस्ताव मांडला. कारण त्रास नव्हे, गुणच येत नाही हे. आपल्याकडच्या सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत तेच आहे. मी तरी पैसे देऊन ते आता घेणार नाही.

नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब हा पर्याय शेजारच्या वहिनींनी सुचवला होता. त्यांना ते सलग दोन महिने लागले आणि आता थेंबांशिवाय त्यांचं नाक उघडतच नाही. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त ते वापरायचे नसतात, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं.

मला खरा फरक पडला तो नोव्हेंबरपासून, नाकात मारायच्या फ्लुटिकासोन या स्टिरॉइडच्या फवाऱ्याने. त्याची घाई चालत नाही. पहिला आठवडा काहीच जाणवलं नाही, दुसऱ्या आठवड्यात रात्री जाग येणं थांबलं. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्याने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला की रक्त येतं, मला पहिल्या चार दिवसांत आलं होतं. जोरात ओढून घ्यायचं नाही, औषध घशात उतरतं आणि वाया जातं. त्याआधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-सोड्याची पुडी घालून नाक धुते. कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला चार बोटं जागा सोडली, खोलीत दोऱ्यांवर ओले कपडे वाळत घालणं बंद केलं. यंदा माळ्यावरचं काहीही काढायचं तर तोंडाला मास्क.

दोन औषधांची ती गोळी अजून घरी आहे, टाकलेली नाही. नोव्हेंबरपासून एकदाच, जानेवारीत, नाक अगदीच चोंदलं तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन दिवस घेतली, सकाळ-संध्याकाळ बीपी बघून. तिचा डबा आता माझ्या कपाटात असतो, फ्रिजवर नाही. बाबांच्या पाकिटात एक कागद आहे, त्यावर टॅमसुलोसिनचं नाव आणि खाली "सर्दीची गोळी देऊ नये". गेल्या आठवड्यात ते स्वतः फार्मसीत गेले, कागद पुढे केला, आणि काउंटरवरच्या मुलाने फोन करून मला विचारलं, "बाय, ह्यांना नुसती शिंकांची देऊ की डॉक्टरांना विचारता?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब सुचवले.

माझी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तिच्या आधी सात दिवस सेटिरिझिन बंद ठेवायचंय, नाहीतर चाचणीत काहीच उमटणार नाही. फवारा मात्र चालू.