व्हीएस कोड की इंटेलिजे: सीपीयूचा भार पाहून काय निवडावं?

८ जीबीचा लॅपटॉप, सतत घोंघावणारा फॅन आणि जावाचा प्रोजेक्ट. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, "इंटेलिजे जड आहे, व्हीएस कोड घे." दोन्ही कोड लिहायची सॉफ्टवेअर्स. माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे. सीपीयू किती टक्के लागतो यापेक्षा तो कधी आणि कशापायी लागतो, ते आधी पाहावं.

इंटेलिजेचा भार सुरुवातीला येतो. प्रोजेक्ट उघडला की तो सगळा कोड, लायब्ररी आणि जेडीके (जावाची मूळ साधनं) वाचून इंडेक्स, म्हणजे कुठे काय आहे याची सूची, बनवतो. त्या वेळी सीपीयू शंभर टक्क्यांजवळ गेला तरी घाबरू नका. खालच्या पट्टीवर इंडेक्सिंग दिसतं, ते संपलं की भार उतरतो. उतरलाच नाही तर मेमरी तपासा. हा आयडीई (कोड लिहायचं साधन) जेव्हीएमवर, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालतो आणि त्याला ठरावीक हीप (वापरायला दिलेली मेमरी) मिळते, नव्या आवृत्त्यांत साधारण २ जीबी. मोठ्या प्रोजेक्टला ती अपुरी पडली की गार्बेज कलेक्टर (नको असलेला डेटा साफ करणारा भाग) जागा मोकळी करायला पुन्हा पुन्हा धावतो. म्हणजे टंचाई मेमरीची आणि टास्क मॅनेजरमध्ये तापलेला दिसतो सीपीयू. हेल्प मेन्यूतल्या 'चेंज मेमरी सेटिंग्ज'मधून हीप वाढवता येते, पण सोबत क्रोम, डॉकर (अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) आणि ग्रेडल डेमन (मागे चालू राहणारा बिल्डचा प्रोग्राम) चालू असतील तर ८ जीबीत वाढवायला जागाच उरत नाही. वैतागून 'इनव्हॅलिडेट कॅशेस' तर मुळीच दाबू नका, सगळं इंडेक्सिंग पुन्हा पहिल्यापासून होतं.

व्हीएस कोड चटकन उघडतो. तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेब तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवणाऱ्या साधनावर, बांधलेला आहे. २०१७ मध्ये त्यात नुसत्या लुकलुकणाऱ्या कर्सरपायी १३ टक्के सीपीयू जात असल्याचं उघड झालं आणि मग ते दुरुस्त झालं. आता त्रास देतात ती बहुतेक एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून टाकलेले जोड-प्रोग्राम. जावाचं एक्स्टेन्शन पॅक टाकलं की मागे एक्लिप्स या दुसऱ्या आयडीईवर आधारलेला लँग्वेज सर्व्हर (कोड समजून घेऊन सूचना देणारा प्रोग्राम) सुरू होतो, आणि तोही जेव्हीएमवरच! जावापुरता हलकेपणाचा मुद्दा तिथेच बराचसा निकालात निघतो.

दोषी शोधायला मात्र व्हीएस कोड सोपा. हेल्प मेन्यूतला 'प्रोसेस एक्सप्लोरर' उघडा, प्रत्येक प्रोसेसचा सीपीयू वेगळा दिसतो. एक्स्टेन्शन होस्ट (एक्स्टेन्शन्स चालवणारी प्रोसेस) वर असेल तर कमांड पॅलेटमधून (कमांड शोधायच्या चौकटीतून) 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. तो निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून त्रास गेला का विचारतो आणि असं करत करत एकावर बोट ठेवतो. इंटेलिजेत 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' आहे, पण त्यातली नावं नवख्याला पटकन उमगत नाहीत.

जावास्क्रिप्ट किंवा पायथन करणाऱ्याने बिनधास्त व्हीएस कोड घ्यावा. कॉलेजच्या छोट्या जावा प्रोजेक्टलाही तो पुरतो. रोज अनेक मॉड्यूल्सच्या स्प्रिंग बूटमध्ये (जावाच्या एका फ्रेमवर्कमध्ये) काम असेल तर इंटेलिजेच घ्या आणि रॅम १६ जीबी करा. त्याचं रिफॅक्टरिंग (काम न बदलता कोडची रचना सुधारणं) वाचवतं तो वेळ सुरुवातीच्या इंडेक्सिंगपेक्षा कितीतरी जास्त आहे.

विंडोजवर असाल तर निवडीआधी टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही ओळ बघा. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार होणं) चालू असताना तीच वर असेल तर भार डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या अँटीव्हायरसचा, आहे, आयडीई बदलून तो जाणार नाही. फक्त प्रोजेक्टचं फोल्डर त्यातून वगळा. ऑफिसचं मशीन असेल तर आयटीवाल्यांना विचारून.