शिकारी रायफलसाठी मौझर ९८ की स्प्रिंगफील्ड १९०३?

अमेरिकेत या दोन्ही जुन्या लष्करी रायफलींच्या शिकारी रायफली बनतात. स्प्रिंगफील्ड घेताना आधी रायफलीवर कोरलेला क्रमांक बघा: स्प्रिंगफील्ड कारखान्याची ८,००,००० खालची किंवा रॉक आयलंड कारखान्याची २,८५,५०७ खालची नकोच. तेव्हा पोलादाचा ताव नजरेने जोखत. जास्त तापलेला रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग) ठिसूळ राहून फुटू शकतो. नंतरची मात्र चांगली, आणि .३०-०६ काडतुसं तिथे कुठेही मिळतात.

वर दुर्बीण बसवायची तर दोन्हींना काम आहे. बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचा) हाताचा दांडा उचलला की दुर्बिणीला आपटतो, सेफ्टीचा उभा खटकाही अडतो. दांडा आणि खटका बदलावे लागतात. बोल्टला अडकवून धरणारा तिसरा, राखीव लग (खुंटी) दोघींनाही असतो. पण काडतूस फुटलं तर वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ न देण्यात मौझर सरस, म्हणून माझा कौल मौझरलाच. फक्त सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणारी, मूळ रूपातली अखंड रायफल हाती आली तर तिला कानस लावू नका. तशीच ती जास्त मोलाची.