रक्तातली प्रथिने मोजायची: मास स्पेक, ऑलिंक की सोमास्कॅन?

एक मिलिलीटर प्लाझ्मात (रक्तपेशी वगळता उरणारा द्रव) अल्ब्युमिन 35 ते 50 मिलिग्रॅम असते, तर निरोगी माणसातले इंटरल्युकिन-6 (दाहाचा संदेश देणारे प्रथिन, म्हणजे सायटोकाइन) जेमतेम काही पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). फरक सुमारे हजार कोटी पटींचा. पद्धत निवडताना खरी अडचण इथेच येते.

मास स्पेक्ट्रोमेट्री (मास स्पेक) प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखते, म्हणून आधी ठरवलेल्या यादीत अडकत नाही. ऊतींचे नमुने, फॉस्फोरिलेशनसारखे (प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाणे) बदल, प्रथिनाची वेगवेगळी रूपे हवी असतील तर दुसरीकडे पाहू नका. अमायलॉइड (ऊतींत साचणारे प्रथिनांचे थर) नेमके कोणत्या प्रथिनाचे, हे बायोप्सीचा तुकडा लेझरने कापून याच पद्धतीने ठरवतात. प्लाझ्मातली सायटोकाइन्स मात्र अल्ब्युमिनच्या गर्दीत बुडतात. अल्ब्युमिन कॉलमने काढता येते, पण त्याला चिकटलेली प्रथिनेही सोबत जातात.

नमुन्याची तयारी इथे सगळ्यात नाजूक. डीटीटी या रसायनाने प्रथिनांतले डायसल्फाइड बंध तोडायचे, ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअॅसिटामाइड घालून अंधारात 20–30 मिनिटे ठेवायचे, मग 50 भाग प्रथिनाला 1 भाग ट्रिप्सिन (प्रथिने कापणारे विकर) घेऊन 37 अंशांवर रात्रभर. नमुना युरियात असेल तर 37 च्या वर तापवू नका: लायसिन या अमिनो आम्लाचे कार्बामायलेशन (युरियामुळे त्यावर रासायनिक गट चिकटणे) होते आणि ट्रिप्सिन तिथे कापतच नाही. ट्रायटन (साबणासारखे रसायन) उरला तर सगळा स्पेक्ट्रम त्याचाच दिसतो. त्वचेचे, लोकरीचे केराटिन तर पाचवीला पुजलेले.

टीएमटी लेबलांनी (प्रत्येक नमुन्याला लावायची वेगळी रासायनिक खूण) 18 नमुने एकत्र चालवता येतात, पण सोबत निवडल्या गेलेल्या दुसऱ्या पेप्टाइडांमुळे (प्रथिनांचे तुकडे) फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. शेकडो नमुने असतील तर डीआयए (मास स्पेकचीच लेबलांशिवायची पद्धत, जी निवड न करता सगळी पेप्टाइडे मोजते) बरे.

ऑलिंकमध्ये डीएनए-शेपटी लावलेल्या दोन अँटिबॉडी एकाच प्रथिनावर बसल्या तरच सिग्नल येतो. त्याच्या एक्सप्लोर एचटी या पॅनेलला 2 मायक्रोलीटर नमुना पुरतो आणि सुमारे 5,400 प्रथिने मोजली जातात. यूके बायोबँकेने (ब्रिटनमधला मोठा आरोग्य-अभ्यास) 54 हजारांहून अधिक लोकांचा प्लाझ्मा ऑलिंकच्याच एक्सप्लोर पॅनेलवर तपासला. एनपीएक्स (ऑलिंकचे मोजमापाचे एकक) हे लॉग-2 माप आहे, म्हणजे 1 ने वाढ म्हणजे दुप्पट. त्यावरून एका प्रथिनाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. ही चूक प्रबंधांत सर्रास दिसते.

सोमास्कॅन अॅप्टामर (प्रथिनाला पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरते. यादी सर्वांत मोठी, सुमारे 11,000 मापने. नमुना 55 मायक्रोलीटर. पण पकड एकाच रेणूची, त्यामुळे नेमकेपणाची शंका जास्त. काही प्रथिनांसाठी ऑलिंक आणि सोमास्कॅनचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. शिवाय जनुकातल्या एका बदलाने पकडीची जागा बदलली, तर प्रथिन तेवढेच असूनही कमी दिसते. हा धोका दोन्हींकडे आहे.

आमचा कौल: प्लाझ्मा, मोठा गट आणि दाह किंवा सायटोकाइन हा विषय असेल तर ऑलिंक, ऊती किंवा प्रथिनातले बदल असतील तर डीआयए. सोमास्कॅन व्यापक चाळणीपुरते, आणि त्यातून निघालेले प्रत्येक नाव एलायझाने (अँटिबॉडीवर आधारलेली एकेका प्रथिनाची चाचणी) किंवा जड समस्थानिकांची पेप्टाइडे घालून पीआरएमने (ठरवलेलीच पेप्टाइडे मोजणारी मास स्पेक) पुन्हा तपासायचे. पद्धत कोणतीही असो, नळ्या सर्वांच्या सारख्याच (ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या), सेंट्रिफ्यूजपर्यंतचा वेळ सारखा आणि वरचा प्लाझ्मा काढताना खालच्या पांढऱ्या थराला पिपेट लावायची नाही. तिथल्या प्लेटलेट्स आल्या की पीएफ4 (प्लेटलेट्समधले प्रथिन) वाढते आणि रुग्ण-निरोगी फरक म्हणून नेमके तेच हाती लागते.